बिनकानाचा हत्ती

आमची मिल बंद पडली त्या साली बाबांनी ओट्यावर एक बिनकानाचा हत्ती आणून बसवला. हत्ती म्हणजे नुसतं डोकं, बांबूचं आणि कागदाच्या लगद्याचं. पण एवढं, की सोंडेत शिरलेली मांजर चार दिवसांनीच बाहेर येई.

इंदुरात अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात. ट्रकवर हलते देखावे, आणि राजवाड्यासमोर माणसांचा महापूर. बाबा मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर; माग बिघडला की दुरुस्त करणारे. झांकीतली हलती कामं दरवर्षी त्यांचीच; यंदा हत्तीचे फडफडणारे कान. टाळं लागलं तरी कामगार म्हणाले, झांकी निघणार. सगळे कामाला लागले, बाबांचा हात मात्र उठेना.

सकाळी पाना घेऊन बसायचे. मग चहा. मग पान्याला गंज म्हणून तेल. मग तेल मुरू द्यायला आडवं व्हायचं. पाना इतकं तेल प्याला, की त्यावर भजी तळता आली असती.

भंवरकुआंला कोचिंग क्लास काढलेले मामा रोज येत. खुला बाजार आपणच शोधला अशा तोऱ्यात स्कूटर लावत. "जीजाजी, अभी भी नहीं हुआ? जग कुठे गेलं बघा! आळस हो, दुसरं काय!" जग कुठेही जावो, मामा नेमके आमच्या पोह्यांच्या वेळी येत. असल्या माणसाला हत्तीच्या पायाखाली द्यावं. पण आमच्या हत्तीला पायच नव्हते.

मामा गेले की बाबा स्वतःवर तुटून पडत. "नालायक आहे मी. हरामखोर. एक कान होत नाही!" मामांच्या दसपट शिव्या. त्या संपल्या की पाना खाली आणि तोंड उशीत.

चतुर्दशी तोंडावर आली तेव्हा आई कणकेच्या हातांनीच बाहेर आली.

"अहो, मिलमध्ये बदलीवरच्या नव्या माणसाचा धागा तुटला, तर त्याला असं बोलायचात?"

"छे. बोललं की हात थरथरतो. आणखी तुटतो."

"मग काय म्हणायचात?"

"भिया, सबके टूटते हैं. साचा थांबव, गाठ मार."

"आणि इथे कोणाचा हात थरथरतोय?"

बाबा हत्तीकडे बघत म्हणाले, "हा झाला की संपलं गं. परत कोण बोलावतंय मला?" आणि असे रडले, की हत्तीचा लगदा विरघळायचाच बाकी राहिला. मग नाक पुसलं, आजूबाजूला पाहिलं, हळूच स्वतःला म्हणाले, "सबके टूटते हैं, भिया," आणि पाना उचलला.

वेळेत एकच कान झाला. राजवाड्यासमोर तो असा फडफडला, की पुढच्या रांगेतल्या टोप्या थेट शहराबाहेर सिमरोलला जाऊन पडल्या. गर्दीतून कोणी ओरडलं, "ओ भिया, दूसरा सो रहा है क्या?"

मी बाबांकडे बघायला धजेना. ते ट्रकवरून गरजले, "उसकी मिल बंद है!"

अख्खा चौक हसला. ट्रकला खेटून चालणारे मामा तेवढे हसले नाहीत. "अर्धंच काम की, जीजाजी."

बाबांनी दोरी खेचली आणि हत्तीचा कान फाडकन मामांच्या थोबाडावर बसला. चुकून लागला, असं बाबा म्हणाले. मीही सगळ्यांना तसंच सांगतो.