आईच्या खोलीची खिडकी

साताऱ्याच्या आमच्या घराला पूर्वेकडून एकही खिडकी नव्हती. त्या बाजूची, रस्त्याकडची भिंत दोन हात जाड, आणि आतल्या बाजूनं तिच्यावर जुनी चित्रं. हत्ती, शिकारी, आरशात बघणारी एक बाई. त्या चित्रांमुळं घर सरकारच्या जुन्या वास्तूंच्या यादीत गेलं होतं. खिळा ठोकायचा तरी पुरातत्त्व खात्याला विचारावं लागे. आम्हाला त्याचा अभिमानच होता. पाहुणे आले की भरदुपारी मी कंदील उंच धरून त्यांना चित्रं दाखवायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आईला क्षय झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं, "औषधापेक्षा ऊन आणि हवा द्या. सकाळचं ऊन अंगावर येईल अशी खोली बघा." आईला जिना चढवत नव्हता, आणि खाली निजायला चित्रांची खोली तेवढी होती.

बाबा शाळामास्तर. त्यांनी खात्याला अर्ज केला. दोन महिन्यांनी एक अधिकारी आले. सभ्य माणूस. आई पडल्या पडल्या खोकत होती, ते तिच्याकडं पाठ करून भिंत निरखत राहिले. कोपऱ्याजवळ चुना गळून चित्र पार गेलं होतं. तिथं हात ठेवून ते म्हणाले, "इथं आता काही उरलेलं नाही. एवढ्यात खिडकी काढायला माझी हरकत नाही. मात्र घराच्या सगळ्या मालकांची लेखी संमती हवी."

मालक दोघेच, बाबा आणि माझे काका. काका सांगलीला, विश्रामबागेत नवं घर बांधून राहत. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडंच होते. आई लग्न होऊन आली तेव्हा काका सात वर्षांचे आणि आईवेगळे. तिनंच त्यांना न्हाऊ-माखू घालून वाढवलं. ते मुद्दाम साताऱ्याला आले, तिच्या खाटेशी बसले आणि मांडीवर पाट घेऊन त्यांनी सही केली. "वहिनी, आता काही काळजी करू नकोस," म्हणाले. आई कितीतरी दिवसांनी हसली. बाबांनी संमतीपत्र खात्याला धाडलं, आणि परवानगी येईपर्यंत गवंड्याला बोलावून जागा दाखवून ठेवली. तो म्हणाला, "दोन दिसाचं काम हाय, मास्तर. चित्राला धक्का न्हाई लागायचा."

मी सांगलीला परतले. एका रविवारी काकांनी माझ्यापुढं मोठा कागद ठेवला. "तुझा हात चांगला आहे. ती भिंत जशीच्या तशी काढून दे. आठवण म्हणून ठेवतो."

चार दिवस मी ते चित्र काढत बसले. बाकी सगळं मला पाठ होतं, पण कोपऱ्यातली कोरी जागा कागदावर भकास दिसायला लागली. तिथं गेरूच्या दोन-चार पुसट रेघा होत्या, त्यांचा अर्थ कुणालाच लागत नव्हता. मी त्यांचे तीन घोडे केले, वर स्वार बसवले. काकांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "हे घोडे आहेत तिथं?"

"पुसट दिसतात," मी म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला.

दिवाळीच्या सुटीत मी घरी असताना खात्याचं पत्र आलं. बाबांनी ते उभ्यानंच वाचलं. परवानगी नाकारली होती. सहमालकांनी संमती मागे घेतली आहे, शिवाय कोऱ्या वाटणाऱ्या भागात घोडेस्वारांचे अवशेष असल्याचं त्यांनी रेखाचित्र जोडून कळवलं आहे, असं त्यात होतं.

"कुठले घोडेस्वार?" बाबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खात्याला लिहिलं की घोडे मुलीच्या मनातले आहेत. उत्तर दोन ओळींचं आलं. संमतीच नसल्यानं बाकी प्रश्न उद्भवत नाही.

लढाईमुळं पेट्रोल मिळत नव्हतं; कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं धक्के खात आम्ही सांगलीला गेलो. काका व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं.

"तू सही केली होतीस," बाबा म्हणाले.

"केली. वहिनीचं तोंड बघून नाही म्हणवेना."

"मग?"

"इथं आल्यावर चैन पडेना. दादा, वडिलांनी ती भिंत जिवापाड जपली. एकदा फोडली की गेली. तुम्ही दुसरी हवेशीर जागा बघा ना."

"हे तिच्यासमोर बोलायचं होतंस."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "ते मला जमलं नसतं," म्हणाले.

मी विचारलं, "आणि माझं चित्र?"

"तूच म्हणालीस ना, घोडे दिसतात म्हणून?" त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, परीक्षेतली चूक दाखवावी तसं. मी आत जाऊन ट्रंक भरली. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. कॉलेज तिथंच सुटलं.

बाबांनी साताऱ्यातच गोडोलीच्या बाजूला सकाळचं ऊन येणाऱ्या दोन खोल्या घेतल्या. आईला टांग्यातून नेलं. परवानगी मिळाली नाही, एवढंच आम्ही तिला सांगितलं होतं. काकांची आठवण काढून ती म्हणाली, "धाकट्याला कळवलंत का? बिचारा हळहळेल."

नव्या जागेत ती दोन वर्षं जगली. मध्ये बरीही वाटायची. एकदा उशीला टेकून तिनं माझ्याकडून काकांना कार्ड लिहवून घेतलं. आम्ही जागा बदलली आहे, इथं मला बरं वाटतं, सवड काढून ये, तुझ्या आवडीच्या वड्या करून ठेवते. मी सगळं सांगितलं तसं लिहिलं, पत्ता घातला, आणि कार्ड पेटीत न टाकता परत आले.

त्यानंतर ती रोज टपालाची वाट बघायची. "कामात असेल," म्हणायची. मी मान हलवायची. काकांनी तिला फसवलं हे तिला कधीच कळलं नाही. मी फसवलं, तेही नाही.