नखांचा हंगाम

टेंभरे सर लग्नाच्या पंगतीत वरणभात चमच्याने खात. माझी आमगावच्या बँकेत बदली झाली, त्या पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांना असं जेवताना पाहिलं. वाढणारा हळूच म्हणाला, "मोठे शौकीन आहेत, मॅडम. धान पिकवतात अन् साहेबासारखे जेवतात." मग माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. लांब, गोलसर घासलेली, चकचकीत नखं. डाव्या हाताची मात्र पार मुळापर्यंत कापलेली. मी साताऱ्याची, कॉलेजात गिटारवर सिनेमाची गाणी बडवून झालेली. क्लासिकलवाले तारा उजव्या हाताच्या नखांनी छेडतात, हे ऐकून होते. मला राहवलं नाही. थेट जाऊन विचारलं, "तुम्ही क्लासिकल गिटार वाजवता?" त्यांनी चमचा खाली ठेवला. "या गावात हे पहिल्यांदाच कोणी विचारून राहिलं," म्हणाले आणि वरणभात गार होईस्तोवर बोलत बसले.

गाव त्यांना गिटारवाले काकाजी म्हणे. शिकवणी लागली तशी मी सर म्हणू लागले. नागपूरला शिकताना एका म्हाताऱ्या शिक्षकाने त्यांना तयार केलं होतं. वडील गेल्यावर शेती सांभाळायला गावी परतले ते गिटार आणि स्टडीजचं एक जाडजूड पुस्तक घेऊन. स्टडी म्हणजे बोटांना वळण लावण्यासाठी लिहिलेली छोटी रचना. बहुतेक लोक ती व्यायामासारखी उरकतात. मीही पहिल्या दिवशी तशीच उरकली, वेगात, एकही सूर न चुकवता, आणि शाबासकीची वाट पाहत बसले. सर म्हणाले, "काऊन पळून राहिल्या? बस सुटते का तुमची?"

मग त्यांनी अंगणापलीकडच्या बांध्यांकडे, धानाच्या शेतांकडे, हात केला. "धान रोवण्याच्या टायमाले बाया एका रांगेत वाकून असतात. हात सगळ्यांचे सारखेच चालतात. पण गाणं एकच बाई उचलते, बाकीच्या मागून येतात. ह्या सुरांत गाणं कोण उचलून राहिली, थे शोधा आधी." ती बाई सापडेपर्यंत माझा सगळा पावसाळा गेला. सापडली तेव्हा सूर तेच होते, बोटं तीच होती आणि मला चक्क रडू आलं. सर खूश झाले. "रडा, पण ताल नका सोडू!"

एवढ्या जाणत्या माणसाचं घरात मात्र काही चालत नसे. अंगणात त्यांनी स्टडी सुरू केली, की त्यांच्या बायकोला, काकूंना, नेमकं चुलीवरचं दूध आठवे, म्हशीची वैरण आठवे. लग्न झाल्यापासून त्यांनी एकही स्टडी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. सर चिडत नसत, पण एकदा म्हणाले, "तिले एक पुरी ऐकवाची आहे. मंग बेकार म्हणाली तरी चालते."

म्हणून पुढच्या वर्षी गोंदियाच्या एका कॉलेजात त्यांचा कार्यक्रम ठरला तेव्हा मलाच जास्त आनंद झाला. काकू पहिल्या रांगेत बसणार, आणि तिथे ना दूध ना म्हैस! सर रोज पॉलिश पेपरने नखं घासू लागले. पण पाऊस लांबला होता, तो आला नेमका त्याच आठवड्यात. सगळ्या गावाचा रोवणा एकदमच निघाला, मजूर मिळेना, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं पिवळी पडायला लागली. मी वैतागले. "सर, कार्यक्रम होईपर्यंत थांबा ना! नखं जातील."

"धान थांबते का, मॅडम? नख पुन्हा येते," म्हणाले आणि चिखलात उतरले.

संध्याकाळी ते पंपावर हात धुवत होते. वाजवायची चारही नखं तुटली होती. बराच वेळ ते बोटं धूत राहिले, माझ्याकडे बघितलं नाही. मला फार वाईट वाटलं.

कार्यक्रमात त्यांनी एक स्टडी नुसत्या बोटांच्या मांसानं वाजवली. आवाज मऊ, खालचा. पंख्यांच्या घरघरीत ऐकू येईना, म्हणून त्यांनी भर उकाड्यात पंखे बंद करायला लावले. मागून एक पोरगा ओरडला, "अंकल, कोई गाना हो जाए!" सर म्हणाले, "गानाच आहे, बेटा. जरा धीरे चलून राहिला." मग सगळेच घाम पुसत, पुढे वाकून ऐकू लागले. नखांनी ही स्टडी नुसती चमकायची. आज ती अगदी जवळ येऊन बोलत होती. काकू मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बसल्या. टाळ्या बेताच्याच पडल्या.

परतताना जीपमध्ये गाव जवळ आल्यावर काकू म्हणाल्या, "मले तं आजवर वाटे का तुम्ही ताराच कसून राहिले. गाणं सुरू व्हाचंच आहे, म्हणून उठून जात होती मी."

सर इतके हसले, की ड्रायव्हरने गाडी हळू केली.

घरी पोचल्यावर काकूंनी त्यांना कपडेही बदलू दिले नाहीत. अंगणात खुर्ची टाकली. "मघाचंच वाजवा. अन् कोठं ध्यान द्याचं, थे सांगा." एकेका ओळीवर मला तासभर ऐकवणारे सर बायकोपुढे नुसतेच वाजवू लागले. दोहायची वेळ टळून गेली होती, गोठ्यात म्हैस ओरडत होती. काकू उठल्या नाहीत.