कासवाचे उस्ताद

उस्तादांनी एखाद्याला हरवलं की ते स्वतः उठून त्याच्यासाठी चहा आणायचे. कॅन्टीनच्या खिडकीतून वाफाळता कप घेऊन यायचे, हरलेल्याच्या पुढ्यात ठेवायचे आणि तो नेमका कुठे चुकला हे समजावून सांगायचे. चहा संपेपर्यंत सुटका नसे. घाईघाईने पिऊन जीभ भाजून घेतलेले लोक आमच्या कारखान्यात बरेच होते.

सिल्वासाच्या आमच्या धाग्याच्या कारखान्यात ते मेंटेनन्सचे प्रमुख. मूळचे चोपड्याचे, निवृत्तीला टेकलेले. आवाज मोठा आणि पोट त्याहून मोठं. मी नाशिकहून क्वालिटी विभागात रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला हटकलं, "काय करून राहिली ताई, नुसती जेवून राहिली? मोबाईल काढ. तुला एक खेळ शिकवतो."

तो खेळ त्यांच्या मुलाने सुट्टीत त्यांच्या फोनमध्ये टाकून दिला होता. अक्राळविक्राळ प्राण्यांची झुंज. दोघांनी आपापले तीन प्राणी निवडायचे आणि आळीपाळीने वार करायचे. प्रत्येक प्राण्याच्या डोक्यावर त्याच्या जीवाची हिरवी पट्टी असते. ती संपली की प्राणी मेला. खेळात त्यांना भारदस्त इंग्रजी नावं होती, पण आमच्या कॅन्टीनमध्ये कासव, घार, विंचू अशीच चालायची. उस्ताद सगळ्यांना मिळून 'जनावरं' म्हणायचे.

त्यांचं जनावर म्हणजे कासव. पाठीवर खडक वाहणारं, संथ, वार करण्यात कच्चं. पण मार बसला की ते कवचात शिरायचं आणि हिरवी पट्टी पुन्हा भरून बाहेर यायचं. समोरचा मारून मारून थकायचा आणि मग उस्ताद त्याला निवांत संपवायचे. कोणी म्हणालं, "साहेब, तुमचं कासवच भारी आहे," तर ते चिडायचे. "जनावर कोणीही पाळतं भो. हात पाहा, हात!" आणि आपला जाडजूड उजवा हात सगळ्यांना दाखवायचे. तो दाखवताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. म्हणून त्यांचा राग कधी आला नाही.

स्टोअर विभागाच्या जागृतीबेन मात्र त्या हाताला भुलल्या नव्हत्या. त्या जवळच्या सुरंगी गावच्या, रोज स्कूटरने यायच्या. बोलणं मोजकं आणि तिखट. त्यांच्याकडे विंचू होता. विंचवाचा डंख एवढासा, पण विष भिनत राहायचं आणि प्रत्येक पाळीला पट्टी थोडी थोडी उतरायची. कासवापुढे त्याचा उपयोग नव्हता, कारण विषाने जेवढं जायचं त्याहून जास्त कासव भरून काढायचं. जागृतीबेन हरायच्या आणि उस्तादांनी आणलेल्या चहाला हात न लावता उठायच्या. "चा तुम्हीच प्या साहेब, बोलून बोलून गळा सुकला असेल." उस्ताद खो खो हसायचे आणि खरंच तो चहा पिऊन टाकायचे.

हा खेळ बनवणारे लोक दर काही महिन्यांनी सगळ्या प्राण्यांची ताकद फिरवतात. जो फार जिंकतो त्याला थोडं कमी करतात, जो मागे पडतो त्याला थोडं वर आणतात. नाहीतर सगळेच एक प्राणी घेऊन बसतील. मुरलेले खेळाडू असा बदल आला की आधी तो वाचतात, मग आपली फळी नव्याने लावतात. उस्तादांनी असलं काही कधी वाचलं नाही. "ते शिकाऊ लोकांसाठी. आपलं काम हाताचं." आणि तोवर कासवाला कधी धक्का लागला नव्हता, त्यामुळे त्यांचं निभावलंही होतं.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते, झेंडूची तोरणं लागतात आणि दुपारी कॅन्टीनमध्ये खेळांच्या स्पर्धा. त्या वर्षी कॅरमच्या जोडीला उस्तादांनी आपला खेळही घेतला. आयोजक तेच, पंच तेच आणि खेळाडूही तेच. उपान्त्य फेरीत त्यांच्यासमोर जागृतीबेन आल्या. भोवती सगळी शिफ्ट गोळा झाली होती. काही जणांनी घरच्यांनाही आणलं होतं. जागृतीबेनच्या सासूबाई नवी साडी नेसून खुर्चीवर बसल्या होत्या.

शेवटी दोघांचं एकेकच जनावर उरलं. विंचवाने डंख मारला. कासव कवचात शिरलं. बाहेर आलं तेव्हा पट्टी निम्मीच भरलेली होती. उस्तादांनी भुवया उंचावल्या आणि पुन्हा कवचाचं बटण दाबलं. पुन्हा तेच. विष भिनत राहिलं, पट्टी पिवळी झाली, लाल झाली आणि कासव उलथलं. क्षणभर कोणाला काही कळेना. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या टाळ्यांत उस्ताद उभे राहिले.

"थांबा. असं होऊच शकत नाही. जागृतीबेन, फोन द्या इकडे. काय टाकलंय त्यात?"

"काय टाकणार? सगळ्यांचा आहे तोच गेम आहे."

"मला शिकवता? माझं कासव विंचवानं मरीन? ही चोरी आहे, सरळ चोरी."

टाळ्या थांबल्या. त्यांनी स्पर्धेच्या जोड्या लिहिलेल्या फळ्याजवळ जाऊन जागृतीबेनचं नाव पुसलं. बोटाने नाही, अख्ख्या पंजाने. जागृतीबेननी सासूबाईंच्या हाताला धरून त्यांना उठवलं, पर्स खांद्याला लावली आणि दारात वळून म्हणाल्या, "तुमची स्पर्धा, तुम्हीच जिंका." उस्ताद खरोखरच जिंकले. अंतिम फेरीतला पॅकिंगचा मुलगा इतका घाबरला होता की त्याने कासवावर धड वारच केला नाही. त्या दिवशी चहा कोणी प्यायला नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मात्र उस्ताद सगळ्यांकडून हरू लागले. माझ्याकडून, डिस्पॅचवाल्याकडून, कालपरवा खेळ शिकलेल्या मुलांकडून. कधी नेटवर्कवर खापर, कधी फोन तापतो म्हणून. शेवटी एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. दोन फोन घेऊन. एक त्यांचा, एक वहिनींचा.

"ताई, एक कर. या फोनवर तू विंचू घे. मी कासव घेतो. तू नुसता डंख मार, बाकी काही करू नको."

बिघडलेलं मशीन तपासावं तसं त्यांनी ते तपासलं. मी डंख मारला, ते कवचात शिरले, पट्टी निम्मी भरली, विष उतरत राहिलं, कासव मेलं. "परत," ते म्हणाले. परत तसंच झालं. मग फोन अदलाबदल करून पाहिले. तेव्हाही तसंच. मी हळूच सांगितलं, "साहेब, दसऱ्याच्या आधीच बदल आला होता. कासवाचं भरून येणं कमी केलंय त्यांनी. माझ्याही दसऱ्याच्या संध्याकाळीच वाचनात आलं, पण तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

त्यांनी दोन्ही फोन टेबलावर पालथे ठेवले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "म्हणजे त्या बाईनं काहीच केलं नव्हतं," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, "आणि मीही कधी काही केलं नव्हतं. सगळं ते कासवच करत होतं."

इतक्या मोठ्या माणसाचा तो आवाज ऐकून मला कुठे बघावं कळेना.

रविवारी ते सुरंगीला निघाले. एकट्याने जायचा धीर होईना म्हणून मला गाडीत घेतलं. जागृतीबेनच्या अंगणात भाताच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. सासूबाईंनी आम्हाला पाहिलं आणि आत निघून गेल्या. उस्तादांनी चप्पल बाहेर काढली, पण ओटीवर पाय ठेवायचं त्यांना सुचेना. अंगणातच उभं राहून ते म्हणाले, "बेन, माझं चुकलं. माफी मागायला आलो."

जागृतीबेन पदराला हात पुसत बाहेर आल्या. "इथे मला कोणी चोर म्हटलं नाही, साहेब. इथे माफी कशाला? जिथे म्हटलं तिथे म्हणा." मग माझ्याकडे वळून, "पाणी पिऊन जा हां." पाणी त्यांनी दोघांनाही दिलं. उस्तादांनी ते उभ्यानेच प्यायलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीन भरलेलं असताना उस्ताद उभे राहिले. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "दसऱ्याला मी जागृतीबेनला चोर म्हटलं. त्यांनी चोरी केली नव्हती. त्या माझ्यापेक्षा चांगलं खेळल्या. बदल झाला होता, तो मी वाचला नाही, आणि हरलो ते मला सोसलं नाही." मागून कोणीतरी हसलं. ते थांबले, घाम पुसला आणि पुढे म्हणाले, "तुम्हा सगळ्यांना बसवून बसवून जे शिकवलं, तेही खोटंच होतं. मला येत नव्हतं. माझ्यासमोर बसून उगीच ऐकून घेतलं तुम्ही." जागृतीबेन खाली मान घालून भात कालवत होत्या. "ऐकलं," एवढंच म्हणाल्या.

उस्तादांनी कासव सोडलं. घार घेतली, बेडूक घेतला, विंचूही घेऊन पाहिला. नवा बदल आला की आधी सगळं वाचून काढायचे, चष्मा कपाळावर सरकवून मला शंका विचारायचे, "इथं लिहिलंय वेग कमी केला, म्हणजे आपण आधी मारायचं का नंतर?" हरायचे भरपूर. हळूहळू जरा बरं खेळू लागले, पण कोणी वाहवा केली की त्यांचा चेहरा उतरायचा. मला 'उस्ताद' म्हणू नका, असंही त्यांनी सांगून पाहिलं. लोकांच्या तोंडात ते नाव बसलेलं होतं. लांबून कोणी "ओ उस्ताद!" अशी हाक मारली की त्यांची मान अजून थोडी खाली जायची. हाक मारणाऱ्याला ते कळायचं नाही.

पुढे जागृतीबेन माझ्याशी खेळायला लागल्या, इतरांशीही. उस्तादांशी त्या एकदाही खेळल्या नाहीत. कामाचं बोलायच्या, बेअरिंग मागितलं तर लगेच काढून द्यायच्या, दिवाळीला फराळही ठेवायच्या त्यांच्या टेबलावर. खेळ तेवढा नाही.

निवृत्तीच्या दिवशी हार घातलेला, हातात शाल, अशा अवतारात ते स्टोअरच्या खिडकीशी गेले. मी तिथेच होते, नमुन्यांच्या पिशव्या घ्यायला आलेली. खिडकीत वाकून ते म्हणाले, "बेन, उद्या चोपड्याला चाललो. जायच्या आधी एक डाव?"

जागृतीबेननी जरा विचार केला. "नाही, साहेब."

"बरोबर आहे," उस्ताद म्हणाले. रागाने नाही. खरंच बरोबर आहे असं वाटून म्हणाले. नमस्कार केला आणि शाल सावरत गेटाकडे निघाले. जागृतीबेन हातातलं काम तसंच ठेवून खिडकीशी आल्या आणि त्यांची गाडी गेटाबाहेर पडेपर्यंत बघत राहिल्या.

"एक डाव खेळला असतात तर?" मी विचारलं.

"वाईट माणूस असता ना, तर खेळले असते," त्या म्हणाल्या. "वाईट माणसाचं बोलणं एवढं लागत नाही." आणि त्यांनी माझ्या पिशव्या मोजायला घेतल्या.