पणजोबा पडताळायला कुंभकोणमला

श्राद्धाला तीन नावं लागतात. वडील, आजोबा, पणजोबा. आमच्या घरात पहिली दोन पक्की आहेत, दत्तात्रय आणि नारायण. नारायणच्या आधीच्या पिढीशी गुरुजी थांबायचे, वडील मान खाली घालायचे, मग गुरुजी नाव माहीत नसलेल्यांसाठी असलेला संस्कृत शब्द घालून पुढे सरकायचे. वडील गेल्यावर तिथे मान खाली घालायची पाळी माझी आली.

आजोबा नारायण हे मद्रासकडून मिरजेला आले, अभंग गायचे, चिंचेचा भात झकास करायचे आणि वडील लहान असतानाच गेले. घराण्याचा इतिहास म्हणावा तर एवढाच. मग गेल्या उन्हाळ्यात सूनबाईनं वंशवृक्षाच्या एका वेबसाइटवर सहज आमचं नाव टाकलं आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "बाबा, तुमचे पणजोबा सापडले!"

कुंभकोणमचे गोपाळराव. त्यांची दोन मुलं, नारायण आणि पांडुरंग. नारायणच्या नावाखाली लिहिलेलं, ‘उत्तरेस मिरजेकडे गेला’. पांडुरंगांचे चिरंजीव भीमराव, हयात, कुंभकोणममध्येच. म्हणजे मला चक्क एक चुलते होते.

मी कोल्हापुरात जुनी लेथ मशीनं घेतो आणि विकतो. कारखान्यात मशीन पुसण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे रंगाला भुलत नाही. मशीन चालू करायला सांगतो, डोळे मिटतो आणि बेअरिंग ऐकतो, झिजलेलं असलं की ते वाजतं. इथेही तेच केलं. सात जणांच्या वंशवृक्षांत हे गोपाळराव होते. पण सातही जागी मजकूर शब्दाला शब्द तोच. सात दुकानांत एकच माल दिसला म्हणजे सात कारखाने आहेत असं होत नाही. ‘माहिती कुठून’ या रकान्यात सगळीकडे ‘कुटुंबाकडून’. आणखी एक गोष्ट खटकली. त्या अख्ख्या साखळीत बाई नव्हती. आई नाही, बायको नाही, बहीण नाही, बापामागून बाप. हा आवाज बरा नव्हता. पण खरं सांगायचं तर मला माल आवडला होता, आणि आवडलेल्या मालाचा आवाज गिऱ्हाईक ऐकत नाही.

तरी देवापुढे उच्चारायचं नाव होतं. पितृपंधरवड्याच्या आत स्वतः जाऊन खात्री करायची असं ठरवलं. वेबसाइटवरून भीमरावांना निरोप धाडला. उत्तर आलं, "यावें. शनवारीं भजन आहे."

जाणाऱ्यांसाठी: मिरजेहून बंगळूर, आणि तिथून रात्रीची गाडी. सकाळी जाग येते तेव्हा खिडकीबाहेर सगळं हिरवं आणि ओलं असतं, भाताच्या खाचरांत आभाळ उतरलेलं असतं, आणि आपण अजून झोपेतच आहोत असं वाटत राहतं. स्टेशनबाहेर रिक्षाचं भाडं आधी ठरवा. मी मराठीत घासाघीस केली, तो तमिळमध्ये, आणि दोघंही आपण जिंकलो अशा समजुतीत निघालो. राहायला महामहम तलावाजवळ साधी लॉज पुष्कळ आहेत. देवळं दुपारी बंद असतात, तेव्हा पहाटे उठा.

पहिला दिवस मी नुसता फिरलो. पितळी वाटी-पेल्यातली कॉफी, इडलीबरोबर बटाट्याचा आणि मूगडाळीचा पातळ ‘कडप्पा’. पोट भरूनही दोनशेच्या नोटेतून बरंच परत आलं. भांड्यांच्या गल्लीत घंटा टांगलेल्या, वाऱ्यानं एक हलली की शेजारची आपसूक गुणगुणायची. चारनंतर देवळं उघडल्यावर जवळच पट्टीश्वरमच्या देवळात गेलो. कोनाड्यातल्या दुर्गेपुढे लिंबाच्या सालीतल्या दिव्यांची रांग, त्या उष्ण वासात डोळे जड झाले. संध्याकाळी कावेरीच्या घाटावर बसलो. नदीला पाणी होतं. या पायऱ्यांवर माझ्या आजोबांचे ओले पाय उमटले असतील, त्यांच्या वडिलांचेही, असं मनात आलं आणि मी पायरीवर हात ठेवला. दगड अजून दिवसभराच्या उन्हानं कोमट होता. गोपाळराव, मी हळूच म्हणून पाहिलं. तोंडात बरं बसत होतं नाव.

शनिवारी भीमरावांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले, काटक, कपाळाला गोपीचंदन. एके काळी पितळी भांड्यांचं दुकान होतं.

"आलांत? या, या. काप्पी घेतां?"

मी वाकून नमस्कार केला. "काका, मी नारायणरावांचा नातू."

"आमा, आमा," ते तमिळमध्ये ‘हो हो’ म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "सुंदरा, मिरजेचे आले!"

सुंदराबाई पदराला हात पुसत आल्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "संगणकांत सांपडलेले पुतणे हेच कीं काय? बरें झालें. आमचा चष्मा सांपडतो काय तेंही पाहा म्हणावें त्याला."

मराठ्यांच्या राज्यात तिकडे जाऊन राहिलेल्या घराण्यांचं ते जुनं मराठी ऐकताना अंगावर काटा आला. आपण पोथीत वाचतो ते शब्द त्या फोडणी देताना वापरत होत्या. पानात सांबार वाढता वाढता म्हणाल्या, "लाजूं नका. तुमची मराठी फार वेगानें धांवते हो, पाठीस कोण लागला आहे?" माझा घास हसण्यात अडकला.

संध्याकाळी माजघरात समई मधोमध ठेवली. दहा-बारा माणसं जमली. पेटीवर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले, मुरुगेशन, कोपऱ्यावरचे कॉफीपूडवाले. दारातून ताज्या भाजलेल्या बियांचा वास त्यांच्याबरोबरच आत आला होता. भीमरावांनी झांज उचलली. आधी गणपती, मग सगळ्यांनी हात जोडून एका सुरात नावं घ्यायला सुरुवात केली.

मी डोळे मिटले. अमुक जय जय, तमुक जय जय. गोपाळ जय जय. नारायण जय जय. माझे आजोबा! शंभर वर्षांनी, हजार किलोमीटरवर, परकी माणसं समईपुढे माझ्या आजोबांचं नाव घेत होती. पांडुरंग जय जय. भीमराव जय जय. वेबसाइटवर होती तीच ओळ, तोच क्रम. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलंही नाही.

मुरुगेशन जय जय.

बेअरिंग वाजलं.

ते सगळे उठून समईभोवती फेर धरून अभंग गाऊ लागले, तमिळ वळणाचे, गोलगोल उच्चारांचे. मीही फेरात होतो. सावल्या भिंतीवरून फिरत होत्या आणि मला वाटत होतं, हे थांबूच नये, कारण थांबलं की मला विचारावं लागणार.

प्रसाद वाटताना विचारलं. "काका, मुरुगेशन तुमचे कोण?"

"शिष्य. मीं उपदेश दिला."

"वेबसाइटवर उद्या ते तुमचे चिरंजीव होतील."

भीमराव एवढे हसले की झांज वाजली. "अरे मुरुगेशा, ऐकिलेंस? तूं माझा पोर!" मग तमिळमध्ये सांगितलं. मुरुगेशन माझ्याकडे वळून मोडक्या हिंदीत म्हणाले, "मैं इनसे दो साल बड़ा!"

"आणि पांडुरंग तुमचे वडील ना?"

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "माझे वडील ते. किट्टूराव. रेल्वेंत होते. पांडुरंग माझे गुरु." मग त्यांना उमगलं. भाचा परदेशी असतो, मागे आला होता, भजन फोनवर रेकॉर्ड करून आणि नारायण मिरजेकडे गेल्याचं ऐकून घेऊन गेला होता. "त्यानें हीच नांवें तेथें घातलीं कीं काय? मला वाटलें तुम्हांस ठाऊक आहे. गुरुघरचा नातू म्हणून आलांत असें समजलों."

"गोपाळराव माझ्या आजोबांचे वडील असूही शकतील," मी म्हणालो. माझा आवाज मलाच गिऱ्हाइकाचा वाटला.

"त्यांनीं लग्नच केलें नाहीं." भीमराव माझ्याजवळ सरकून बसले. "नारायण घाटावर गात बसलेला पोर. कोणाचा, कोठला, कोणी जाणत नव्हतें. गोपाळस्वामींनीं हात धरून आणिला. पुढें तंबोरा आणावयास मिरजेस धाडिला, तो आलाच नाहीं. तरी भजनांतून त्याचें नांव गाळिलें नाहीं. उपदेश दिला त्याचें नांव कोणी गाळीत नाहीं."

"त्यांनी कधी विचारलं नाही, वडील कोण म्हणून?"

"उपदेश देतां बापाचें नांव विचारूं नये, अशी आमची रीत. आजही मी विचारीत नाहीं."

सुंदराबाईंनी माझ्या हातात आणखी प्रसाद ठेवला. "पुतणे नाहीं झालांत म्हणून उपाशी जाल काय? सकाळीं पोंगल आहे. यावें."

गेलो. निघताना भीमराव रिक्षापर्यंत आले, भाडं त्यांनीच ठरवलं, मी दिलं होतं त्याच्या निम्मं.

परतीच्या गाडीत मला फसवलं गेल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. भाच्यानं खोटं लिहिलं नव्हतं. त्यानं खरी नावं, खऱ्या क्रमानं, चुकीच्या नात्यात बसवली होती. आपल्यापैकी जे अशा याद्या शोधतात त्यांना एवढंच सांगेन, नाव जुळलं की थांबू नका. ते नाव कुणी, कुठे, कशासाठी घेतलं होतं ते विचारा. आणि एखाद्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या एकही आई दिसली नाही तर आधी सावध व्हा.

पितृपंधरवड्यात गुरुजी आले. तिसऱ्या नावाशी थांबले. "सापडलं म्हणत होता ना?"

"नाही सापडलं. तुमचाच शब्द घाला."

त्यांनी घातला. पुढे आप्तांची नावं झाली, मग गुरूंची जागा आली. तिथे आजवर कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. मी म्हणालो, "गोपाळराव. आजोबांचे गुरू." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि नाव मंत्रात गुंफलं. मी पाणी सोडलं.

दुपारी सूनबाईला शेजारी बसवून वेबसाइट उघडली. तिथे नातं निवडायला वडील आहेत, आई आहे, नवरा, बायको, मुलं आहेत, गुरू नाहीत. "मग काय करायचं बाबा?" ती म्हणाली. मी गोपाळराव आणि नारायण यांच्यामधली रेघ पुसायला लावली, आणि खाली टिपणाच्या जागेत तिच्याकडून लिहून घेतलं:

‘गोपाळराव हे नारायणचे वडील नव्हेत, गुरू. हे कुंभकोणमला भीमरावांच्या तोंडून, त्यांच्या माजघरात बसून, मी स्वतः ऐकलं. नारायणच्या वडिलांचं नाव माहीत नाही. कुणाला माहीत असेल तर जरूर लिहावं, आणि कुणाकडून ऐकलं तेही लिहावं.’