पोट लहान केलेले आम्ही तिघं

वजन कमी करायचं ऑपरेशन एकदाच होतं, त्याचे किस्से मात्र साठतच राहतात. कांबळे, सुषमाताई आणि मी एकाच वॉर्डात होतो. पोटं लहान होऊन सहा वर्षं झाली. दर रविवारी पिंपळे सौदागरच्या बागेत भेटतो आणि बिनसाखरेचा चहा पीत एकमेकांना वजन विचारतो.

*

मी चाकणला कंपनीत आहे. चार घासांत पोट गच्च, सावकाश चावलं तरी जेवणाची सुट्टी अर्धी उरते! बसून राहिलो की नजर दुसऱ्यांच्या डब्यात जाते, म्हणून मशिनींमधून शॉपभर चकरा मारायला लागलो. महिन्याभरानं एकानं मला बाजूला घेतलं.

"भावा, आमच्याबद्दल साहेबांना काय काय सांगतोस ते एकदा सांगून टाक."

*

सुषमाताईंनी भाच्याच्या लग्नात दुसरी जिलेबी नको म्हटलं. मावशीनं त्यांना खोलीत नेऊन दार लावलं आणि विचारलं, "खरं सांग, कितवी स्टेज?"

ताई म्हणाल्या, काही नाही गं, ऑपरेशन झालंय. मावशी रडायलाच लागली.

*

वजन परत येईल, ही भीती तिघांनाही आहे. मी तर दिवसभर काट्यावर चढ-उतर करायचो, म्हणून बायकोनं काटा लपवला. मला चैन पडेना. शेवटी कंपनीच्या स्टोअरमध्ये मालाच्या काट्यावर जाऊन उभा राहिलो. स्टोअरवाल्यानं आकडा वाचला, आलेल्या मालाचं रजिस्टर ओढलं आणि पेन उघडलं.

"इनवर्ड टाकू का रिजेक्शन?"

*

मध्यंतरी कांबळे यायचा बंद झाला. फोन केला की ओव्हरटाइम सांगायचा. आम्हाला राहवेना. ताई आणि मी देहूरोडला त्याच्या घरी गेलो.

दार त्यानंच उघडलं. "जय भीम" म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. शर्टाची बटणं ताणली होती. ऑपरेशननंतर सुटलेल्या शुगरच्या गोळ्या पुन्हा टीव्हीशेजारी आल्या होत्या. आम्हीच आत शिरलो, तेव्हा तो खुर्चीत बसला.

"काय बोलायचं ते बोला," तो म्हणाला, "पण हळू. पोरगी आत आहे."

तेवढ्यात ती आलीच, दुसरीतली. धप्पकन त्याच्या मांडीवर बसली, पोटाला पाठ टेकली आणि खुशीत मला म्हणाली,

"काका, पप्पांची हाडं आता टोचत नाहीत."