अकरा जणींची चादर

आमच्या खालच्या खोलीत राहणाऱ्या बाईंना कारखान्यात सगळे दुर्बीण म्हणत. तोंडावर मावशी, पाठ वळली की दुर्बीण. त्यांना ते ठाऊक होतं. "म्हणू देत गं," त्या मला म्हणायच्या, "माझ्या मागे बोलायला त्यांना काहीतरी हवंच. न बोलता हात चालत नाहीत बायकांचे."

कारखाना चादरी, पडदे आणि टेबलावर अंथरायच्या कापडांचा. मोठं शिवण यंत्रावर होतं, पण कडेची नक्षी हाताने. हातशिलाईच्या खोलीत शिवलेलं प्रत्येक कापड शेवटी मावशींच्या टेबलावर येई. ते टेबल काचेचं, काचेखाली दिवा. एकदा तिथे कामाला असलेल्या माझ्या मुलीचा डबा घरी राहिला म्हणून मी तो द्यायला गेले होते, तेव्हा दारातून पाहिलं. खोलीभर कापसाची बारीक धूळ तरंगत होती आणि त्या उजेडावरून पांढरं कापड संथपणे सरकत होतं, ढगावरून ढग जावा तसं. मावशी त्याच्यावर वाकलेल्या. मध्येच बोट ठेवत, खडूने एक ठिपका देत, आणि ढग पुढे जाई. काही चूक नसली तर कोपऱ्यावर जांभळा शिक्का: पास. बावीस वर्षांत त्यांचा शिक्का एकदाही खोटा पडला नव्हता. हे त्या सांगत नसत, बाकीचे सांगत.

त्यांचा नवरा ट्रकवर होता. एकदा गेला तो गेला. वाट बघणं नेमकं कधी थांबलं, हे त्यांनाही सांगता येत नसे. "एक दिवस लक्षात आलं, की मी दोनच चपात्या करतेय," एवढंच म्हणत. मूलबाळ नाही. माझी मुलगी शिकून तीन वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात हातशिलाईला लागली, दुसरं काही मिळेना म्हणून, तेव्हा मावशी मला म्हणाल्या होत्या, "तू काळजी करू नकोस." मी काळजी करत राहिले. मला तेवढंच नीट येतं.

हातशिलाईच्या खोलीवर एक मास्तर होता. शिवणाऱ्या बाईच्या अंगावर दोऱ्याचे तुकडे असायचेच, खांद्यावर, पाठीवर, मांडीवर. मास्तर ते वेचायचा. "दोरा लागलाय," म्हणायचा आणि बोटं फिरवायचा. रजेचा अर्ज घ्यायला केबिनमध्ये बोलवायचा आणि दार लावून घ्यायचा. बायकांनी तक्रार करायचं ठरवलं. भिंतीवर तक्रार समितीचा फलक होता, चार नावांचा. चौकशी केली, तर एक बाई नोकरी सोडून परदेशी गेलेल्या आणि एक तर वारलेल्या. उरलेल्यांतला एक खुद्द मास्तरचा मेहुणा.

"म्हणजे तक्रार वर पाठवायची तर पोस्टाचं तिकीट किती लागेल?" मुलीने घरी येऊन विचारलं होतं. हसली, आणि मग एकदम हसायची थांबली.

शहरातल्या महिला संघटनेच्या एक वकीलबाई त्यांना भेटल्या. त्या म्हणाल्या, लोकांसमोर मागणी करा, दर बुधवारी पाळी सुटताना फाटकाबाहेर आम्ही फलक धरून उभ्या राहतो. फलकावर तुमचं म्हणणं असेल, नाव नसेल. चारशे बायका फाटकातून बाहेर पडतात, त्यांतल्या कोणाचं ते कोणाला कळणार?

आता चूक झाली ती इथे. कागदावर लिहायला पोरी घाबरल्या. रोज हजेरीच्या वहीत सह्या करायच्या, त्यामुळे प्रत्येकीचं अक्षर कारखान्याच्या साहेबांच्या ओळखीचं. म्हणून त्यांनी डोकं चालवलं आणि एका जुन्या चादरीवर लाल दोऱ्याने शिवलं. अकरा जणींनी अकरा ओळी.

पहिल्या बुधवारी मी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभी होते. वाऱ्याने चादर फुगत होती आणि आत ओढली जात होती, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. 'केबिनचं दार उघडं राहिलं पाहिजे.' 'समितीतल्या बाई जिवंत हव्यात.' रस्त्यावरची माणसं थांबून वाचत होती, हसत होती, मग पुढची ओळ वाचून गप्प होत होती. मला वाटलं, मी हे झोपेत बघतेय. आणि मग मधली ओळ दिसली: 'खांद्यावरचा दोरा माझा मी काढीन.'

टाके डावीकडे झुकलेले होते. माझी मुलगी डावखुरी. लहानपणी तिचा हात बदलायला मी काय काय केलं, आणि शेवटी हरून तिला त्याच हाताने शिवायला शिकवलं.

शेजारी कोणीतरी कपाळावर हात मारला. मावशी होत्या.

"अगं, ह्या पोरींनी केलं काय हे!" त्या पुटपुटल्या. "अक्षर लपवलं आणि हात उघडा टाकला! ती वरची ओळ, तिच्या गाठी बघ, रागावली की अशीच आवळते. खालची ती नवी मुलगी, दर पाचवा टाका लांब. चोरी करायला जाताना चपला दारात काढून ठेवल्या म्हणायच्या, त्याही नाव घातलेल्या."

"सगळ्या ओळखल्यात तुम्ही?"

"बावीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

साहेबांच्याही हे डोक्यात आलं. दोन दिवसांनी त्यांनी मावशींना बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. "मावशी, तुम्ही तर डोळे मिटून सांगाल. कंपनीची बदनामी आहे ही. नावं कळली की आम्ही बघतो."

"कापड हातात आल्याशिवाय मी बोलत नाही, साहेब," मावशी म्हणाल्या.

"येईल की. त्या संघटनेने अर्ज केलाय, पुढच्या सोमवारी कामगार अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे. चादर तिथे टेबलावर असेल. तिथे सगळ्यांसमोर सांगा."

हे मावशींनी मला जिन्यात सांगितलं, भाजीची पिशवी हातात तशीच. त्या खोटं बोलू शकत नव्हत्या. तत्त्व वगैरे नव्हतं ते, त्यांना जमतच नसे. एकदा मी बहिणीसाठी शिवलेला ब्लाऊज तिला आवडावा म्हणून त्यांच्याकडून माझ्या शिवणाचं कौतुक करवून घेणार होते, तर म्हणाल्या, "कौतुक करते, पण ती बाही उसव आधी."

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. मुलगी वकीलबाईंकडे बैठकीला गेली होती. चादर मावशींच्या पलंगावर पसरलेली. कड मजबूत करते म्हणून त्यांनी ती वकीलबाईंकडून मागून आणली होती. मी दारातच रडले.

"मावशी, तेवढी एक ओळ काढून टाका. माझ्या मुलीची. बाकी काही मागत नाही."

त्यांनी चादरीकडे पाहिलं. "एक उसवली तर ती मोकळी जागाच बोलेल," त्या म्हणाल्या. मग कात्री शोधायला उठल्या. "सगळ्याच उसवू. आणि सगळ्या मी शिवीन. मग विचारलं, हात कोणाचा, तर माझा. खरंच माझा."

दिवसभर आम्ही तेच केलं. मी एका टोकाने चादर धरली, दोरे ओढले. खिडकीतून ऊन आत आलं, पलंगावरून सरकत भिंतीवर गेलं. लाल दोऱ्यांचा एक हलका ढीग फरशीवर जमत होता, पंख्याच्या वाऱ्याने थोडा चालायचा आणि थांबायचा. कुठलातरी रेडिओ लागला होता, शब्द कळत नव्हते. मावशी टाके घालता घालता बोलत होत्या, माझ्याशी की सुईशी, कळेना.

"आमच्या वेळचा मास्तर दोरे नाही वेचायचा. तो मापं घ्यायचा. गणवेश शिवायचा म्हणून. दर वर्षी माप, आणि गणवेश काही कधी आला नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी? मी तपासनीस व्हायची वाट बघितली. तपासनिसाला वेगळं टेबल मिळतं ना." त्यांनी दोरा दाताने तोडला. "मोठं टेबल आहे. कोणी जवळ येऊ शकत नाही."

संध्याकाळपर्यंत अकराही ओळी एकसारख्या झाल्या, सरळ, सुंदर, बारीक. मला हायसं वाटलं. मुलीला आम्ही काही सांगितलं नाही.

सुनावणी सरकारी कचेरीत होती. लांब टेबल, कोपऱ्यात कपाटं, वर संथ पंखा. कामगार अधिकारी बाईच होत्या, सर्दीने बेजार, गरम पाण्याचे घोट घेत ऐकणाऱ्या. एका बाजूला साहेब आणि कंपनीचे वकील, दुसऱ्या बाजूला वकीलबाई, मागे बाकांवर हातशिलाईच्या बायका. माझी मुलगी माझ्या शेजारी.

चादर उलगडली. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "मावशी, हे टाके कोणाचे?"

"माझे."

"कुठले?"

"सगळे."

मला वाटलं, झालं, सुटलो. साहेबांचा चेहरा पडला. पण वकील हसले. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

"ऐकलंत, मॅडम? अकरा तक्रारी नाहीतच. एकाच बाईने घरी बसून अकरा गोष्टी रचल्या. मास्तर ज्यांच्या टेबलापाशी कधी फिरकतही नाहीत, अशा बाईने."

मावशींचा हात चादरीच्या कडेवर होता. तो हळूहळू चादरीवरून मागे आला. आम्हा दोघींना हे सुचलंच नव्हतं. त्यांनी आयुष्यभर चुका शोधल्या आणि मी तर पदवीधर, पण एकीच्याही डोक्यात आलं नाही, की टाके पुसले तर म्हणणंही पुसलं जातं.

"हात माझा आहे," त्या म्हणाल्या, "म्हणणं त्यांचं आहे."

"त्यांचं म्हणजे कोणाचं?" अधिकारी बाईंनी विचारलं. आवाज कठोर नव्हता. "मला समोर कोणीतरी तक्रारदार लागेल. नाहीतर मी हे आजच बंद करते. माझा नाइलाज आहे."

मुलगी पुढे वाकून चादर बघत होती. तिने स्वतःची ओळ शोधली, सरळ उभी, बिनचूक, परकी. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"आई, तूसुद्धा?"

मी तिच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा धरला. "बस खाली. तुझ्या पाया पडते."

"आई, सोड."

पट्टा माझ्या हातातून गेला. मी सोडला की तो निसटला, हे मी कितीदा आठवून पाहिलंय. पंख्याचा आवाज आठवतो, बाकी काही नाही.

ती टेबलापाशी गेली. "मावशी, सुई आहे?"

मावशींच्या ओढणीला सुई कायम टोचलेली असायची. तिने ती घेतली, आपल्या ओळीचे टाके उसवले आणि डाव्या हाताने पुन्हा शिवायला बसली. सगळी कचेरी बघत होती. तीन शब्द झाल्यावर अधिकारी बाई उठल्या, चादरीचा तेवढा भाग खिडकीच्या उजेडात धरला. मावशींच्या आधीच्या, डावीकडे झुकलेल्या जुन्या टाक्यांची भोकं कापडात तशीच होती, बारीक, उजेडाने भरलेली. नव्या टाक्यांनी त्यातली एकही चुकवली नव्हती.

"नाव?" त्यांनी विचारलं.

मुलीने सांगितलं. कारकुनाने लिहिलं.

मग मागच्या बाकावरून ती रागावली की गाठी आवळणारी उठली. मग दर पाचवा टाका लांब घालणारी, ती तर रडत रडत. सुई एकच, म्हणून रांग लागली. सात जणी आल्या. चौघी बसून राहिल्या. त्या चौघींना मी नावं ठेवणार नाही. त्यांच्याही आया असतील.

मास्तरला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलंय. समितीचा नवा फलक लागला, सगळी नावं जिवंत माणसांची, आणि अध्यक्षपदी बाहेरच्या एक बाई. बुधवारचं उभं राहणं थांबलेलं नाही. चौकशीचा निकाल फाटकावर लावा, अशी आता मागणी आहे. मावशींचा शिक्का साहेबांनी काढून घेतला. पुराव्याच्या कापडात हात घातला, असा ठपका. आता त्या बांधणीच्या विभागात खोकी बांधतात. मी वाईट वाटून बोलले, तर म्हणाल्या, "ठपका बरोबर आहे गं. हात घातलाच होता मी."

मुलगी माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. जेवायची, भांडी घासायची, कामावर जायची. तिची बस दहा मिनिटं उशिरा आली, तर मी खिडकीतून जिन्यात आणि जिन्यातून खिडकीत. मास्तरचा मेहुणा एकदा कोपऱ्यावर उभा दिसला होता. नुसता उभा होता.

दहाव्या दिवशी दुपारी ती मावशींना घेऊन वर आली. लेखी जबाब द्यायचा होता. कागद आणि पेन माझ्यासमोर ठेवलं.

"तुझं अक्षर चांगलं आहे. मी सांगते, तू लिही. पण मी सांगेन तेच."

तिने सांगायला सुरुवात केली. पहिला दिवस, केबिन, दार. अशा गोष्टी, ज्या मला माहीत नव्हत्या. मी लिहीत होते आणि अक्षरं पाण्याखाली असल्यासारखी हलत होती. मावशी शेजारी डोळे मिटून बसल्या होत्या.

"वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. 'त्याने दार लावलं आणि माझ्या जवळ येऊन उभा राहिला.'

"तिने असं नाही सांगितलं," डोळे न उघडता मावशी म्हणाल्या. "तिने सांगितलं, कसा उभा राहिला ते. तू ते गाळलंस."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. ती वाट बघत राहिली.

मी ओळीवर काट मारली आणि तिने जसं सांगितलं होतं तसं, एकेक शब्द, पूर्ण लिहिलं.