थेमेलिसचा खुबा

थेमेलिस पायाचं सोंग घेतो, असं त्या वसंतात सगळं कालिम्नोस बेट म्हणत होतं. लंगड्याचा नाच नाचून नाचून त्याला लंगडायची चटक लागली, समुद्रतळाचे स्पंज काढायला गलबतं निघायची वेळ आली की याची काठी बाहेर येते, असं कॉफीच्या दुकानात रोज घोळलं जायचं. ज्यांना काम नव्हतं ते दिवसातून दोनदा घोळायचे.

मी त्याच्या समोरच्या घरात राहते. त्यांच्याकडे काय करपलं ते मला त्याच्या बायकोच्या, नोमिकीच्या, आधी कळतं. तेव्हा माझं ऐका: सोंगबिंग काही नव्हतं. उजव्या खुब्यातलं हाड मेलं होतं. त्याचा एक्स-रे मी स्वतः पाहिलाय. नोमिकीने तो खिडकीच्या काचेला लावून धरला होता आणि मी पलीकडून पाहिला. मला कुणी दाखवला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

लंगड्याचा नाच आमचाच, दुसरीकडे कुठे बघायला मिळायचा नाही. समुद्राने पंगू केलेल्या पाणबुड्याची ती नक्कल. रांगेतला पहिला गडी काठी टेकत येतो, गुडघा थरथरतो, घोटा लुळा पडून पाऊल फरफटतं. मग व्हायोलिन चाल बदलतं, तो काठी भिरकावतो आणि धडधाकट उड्या मारायला लागतो. पुरुष हसतात. बायका हसतात तशा, पण डोळे पुसत. थेमेलिसइतका चांगला लंगडा आमच्याकडे दुसरा झाला नाही.

त्याचं दुखणं सुरू झालं गुडघ्यात. निदान तो तसं म्हणे. आता गुडघा म्हटल्यावर आमच्याकडे प्रत्येक जण वैद्य. धड पायांचं घरच सापडत नाही ना! थेमेलिस ज्याच्या गलबतावर जातो त्या कप्तान द्रोसोसच्या गुडघ्यातली गादी कधीची फाटलेली. उठताना गुडघा गंजक्या कडीसारखा मध्येच अडकतो आणि एक सणसणीत शिवी दिल्याशिवाय सुटत नाही. माझा घोटा चर्चच्या पायऱ्यांवर मुरगळला, बाहेरच्या अंगाचे बंध ताणले गेले आणि पाय वांग्यासारखा जांभळा झाला. उंच टाचांचे जोडे होते. कशाला घातले होते, ते विचारू नका.

नोमिकीने गुडघ्याला गरम मीठ शेकलं, ऊझो दारू चोळली, वरून कोबीची पानं बांधली.

"अगं, गुडघा आहे की कोशिंबीर?" मी खिडकीतून विचारलं.

"तू तुझं दार लाव, सेवास्ती!"

गुण आला नाही. थेमेलिसचा भरवसा वेगळ्याच औषधावर होता. समुद्राने दिलेलं समुद्रच काढतो, असं आमचे म्हातारे सांगत आलेत. आणि खरंच, हवेची नळी लावून तो तळाला पोचला की दुखणं विरघळायचं. "खाली पाय नवरदेवासारखा चालतो बघ," तो मला म्हणायचा. म्हणून दुखलं की हा खाली. स्पंज काढायला सगळ्यांत आधी उतरणार, सगळ्यांत शेवटी वर येणार, आणि येणार तोही सरसर. लोकांना वाटायचं, काय हा कामाचा वाघ!

मग त्याला मोजा घालता येईना. वाकून पाय जवळ घेतला की कळ यायची. नोमिकी खाली बसून त्याला मोजे घालायची. "राजेसाहेबांची पाद्यपूजा चाललीय वाटतं!" मी म्हटलं. एरवी त्याने मला सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी त्याने दुसरा मोजाही तिच्या हातात दिला. त्याच आठवड्यात नोमिकी त्याला बोटीने शेजारच्या कोस बेटावरच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरने गुडघा वाकवला, सरळ केला, हलवून पाहिला. काही नाही. मग मांडी धरून आत वळवली, तसा थेमेलिस किंचाळला.

"गुडघा निर्दोष आहे," डॉक्टर म्हणाला. "मारामारी वरच्या मजल्यावर चाललीय, आरडाओरडा खाली ऐकू येतोय."

नोमिकीने मला सगळं सांगितलं, रडत आणि भांडी आपटत. मांडीच्या हाडाचं गोल डोकं खुब्याच्या वाटीत बसतं, उखळीत बत्ता बसावा तसं. पाणबुड्या झपाट्याने वर आला की अंगात हवेचे बुडबुडे सुटतात. त्यांनी त्या डोक्याला रक्त नेणाऱ्या बारीक शिरा बुजवल्या. उपाशी हाड मेलं, आणि आता उकडलेल्या अंड्यावर चमचा मारावा तसं वरून खचत होतं. पुन्हा खाली गेल्यावर बुडबुडे दबायचे म्हणून बरं वाटायचं. वर येताना नवे सुटायचे. डाव्या खुब्यातही सुरुवात दिसत होती. आणखी एक मोसम बुडी मारली तर तोही जाणार, आणि उजव्यावर भार टाकायचा नाही.

थेमेलिसने कप्तानाला घरी बोलावून हे सांगितलं.

"कोसच्या डॉक्टरनं समुद्र बादलीत पाहिलाय!" कप्तान गरजला. "दुखतो गुडघा, अन् हा खुबा धरून बसलाय!"

"कप्तान, एक पाय गेला. दुसरा राहू दे मला."

"आणि तुझ्या जागी कोण? धक्क्यावर नाचतोस, गलबतावर चढायच्या वेळी लंगडतोस! लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणाले ते मी सुरुवातीलाच सांगितलं. कुणी शिकवलं, ते तुम्ही ओळखलं असेलच.

ईस्टर झाला. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी धक्क्यावर नाच मांडला होता. कप्तान ओरडला, "थेमेलिस, पुढं हो! लंगडा नाचल्याशिवाय गलबत सुटत नाही!"

नोमिकीने बाही धरली. "नको हं."

"काठी टाकेपर्यंतच नाचतो," तो म्हणाला. "तेवढ्या भागात नक्कल करायला लागत नाही."

काय नाचला! मी नोमिकीला कोपराने ढोसलं, "आज तर कमाल आहे गं..."

"गप्प बस, सेवास्ती."

व्हायोलिनने चाल बदलली. त्याने काठी टाकली नाही. वादकाला वाटलं याचं लक्ष नाही. त्याने तीच ओळ पुन्हा घेतली. पुन्हा घेतली. कप्तान टाळ्या पिटू लागला, "टाक! टाक!" आणि सगळा धक्का तेच ओरडू लागला. थेमेलिसचे कान लाल झाले होते. त्याने काठी भिरकावली. डाव्या पायावर उडी घेतली, उजव्यावर उतरला आणि खाली गेला.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, नवीन काहीतरी बसवलंय. मग नोमिकीने पाहिलं: उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड झाला होता, आणि पाऊल अख्खं बाहेर वळून पडलं होतं. असं पाऊल कुठल्याही नाचऱ्याला वळवता येत नाही. आधी व्हायोलिन थांबलं. शिट्ट्यांना वेळ लागला.

गलबत दुसऱ्या दिवशी गेलंच. थेमेलिसच्या खुब्यात कोसला खिळा ठोकला, वर प्लास्टर घातलं. पाय जन्माचा आखूड राहिला. डावा मात्र वाचला; डॉक्टर म्हणतो, पुढे खचला नाही. वाचणारच, खाटेवरून बुडी कशी मारणार?

शरदात गलबत परतलं. थेमेलिसच्या जागी घेतलेला माणूस बुडी मारून वर येताना मेला; त्याला त्यांनी तिथेच, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, वाळूत पुरलं होतं. कप्तान त्याच संध्याकाळी टोपी हातात धरून थेमेलिसकडे आला. मी नोमिकीबरोबर डाळिंबं सोलत बसले होते. या वेळी मला बोलावलं होतं.

"चूक झाली रे," कप्तान म्हणाला. "पण मन घट्ट कर. बरा झालास की ये. तुझी जागा मी कुणाला देणार नाही."

थेमेलिसने काठी मांडीवर आडवी ठेवली.

"ती जागा आता तुम्ही घ्या, कप्तान. हवेची नळी मी वर गलबतावरून धरतो. ते काम बसूनही होतं."